शून्याचे चार

"माझ्या शून्याचे चार कुणी केलान?"

रावजीने प्रश्न बसल्या जागेवरून विचारला. पण रावजी तेहेतीस वर्षं तांडेल होता, म्हणजे बोटीचा मुख्य, आणि त्याचा आवाज इंजिनाच्या वर जाण्यासाठीच घडलेला होता. रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावर इंजिन नव्हतं. रावजी धरून चौदा माणसं होती, चौदा कॉम्प्युटर होते आणि एक एसी होता, तो बंद पडला. तो रोजच त्या सुमारास बंद पडायचा, पण त्या दिवशी सगळ्यांना वाटलं की घाबरून पडला.

"काका, हळू," वैष्णवी म्हणाली. वैष्णवी सव्वीस वर्षांची होती आणि त्या चौदा जणांवर देखरेख करायची.

"हळू काय? काल मी ह्या उत्तराला शून्य दिलं. आज हितं चार दिसतंत. शून्याला रातीत पिल्लं झाली काय?"

"सिस्टिमने केलंय काका. स्थिरतेसाठी."

"कुणाच्या?"

वैष्णवीने नियमावली उघडली. सतरा पानं होती, त्यांत याचं उत्तर नव्हतं.

काम असं होतं. कंपनी 'दर्यासखी' नावाची बोलकी मशीन तयार करत होती. मच्छीमाराने फोनवर मराठीत काहीही विचारावं, वारा, डिझेल, जाळं, तापाची गोळी, आणि दर्यासखीने उत्तर द्यावं. ती शिकत होती ती अशी: एका प्रश्नाला ती चार उत्तरं लिहायची, आणि ही चौदा माणसं त्या उत्तरांना शून्य ते दहा गुण द्यायची. ज्याला जास्त गुण, तशी उत्तरं ती पुढे जास्त लिहायची. मशीनला पगार नको, चहा नको, गणपतीची सुट्टी नको. फक्त गुण हवे. म्हणजे तिचं सगळं वर्गातल्या पहिल्या नंबरासारखं होतं, आणि पहिल्या नंबरासारखीच ती विषय सोडून मास्तरांचा स्वभाव शिकली.

मास्तरांना 'दादा' म्हटलेलं आवडतं हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक वाक्यात दादा आला. तिसऱ्या आठवड्यात एकाने डिझेलच्या परवान्याची मुदत विचारली, तर उत्तरात 'दादा' हा शब्द एकशे बारा वेळा आणि शेवटी एक फूल. मुदत नव्हती. तरी सात जणांनी त्याला सहा गुण दिले, कारण नियमावलीप्रमाणे आदरयुक्त भाषेला दोन गुण होते आणि फुलाबद्दल स्पष्ट मनाई कुठेही नव्हती.

शून्य दिलं ते एकट्या रावजीने.

रावजी एकतर दहा द्यायचा नाहीतर शून्य. मधलं काही त्याला ठाऊक नव्हतं. बोटीवर पोरांनी विचारलं, आज जायचं काय, तर तांडेल साडेसहा असं उत्तर देत नाही. जायचं, नाहीतर नाही जायचं. अर्धा बुडालेला माणूस रावजीने आयुष्यात पाहिला नव्हता.

तो मूळचा बुरोंडीचा. गुडघा गेला, डेकवर उभं राहवेना, म्हणून रत्नागिरीत लेकीकडे राहायला आला. समुद्र कळणारं माणूस हवंय अशी कंपनीची जाहिरात लेकीने वाचली आणि बापाचा फॉर्म भरला. आता त्याच्या गळ्यात 'स्थानिक विषयतज्ज्ञ' असं लिहिलेलं कार्ड होतं. बाकी तेरा जण पदवीधर होते. कुणी बीकॉम, कुणी बीएस्सी. त्यांचं शुद्धलेखन उत्तम होतं. मासा त्यांना ताटातला ठाऊक होता.

आणि त्यांच्यापुढे केंडाचा प्रश्न आला.

केंड म्हणजे फुगणारा मासा. हात लावला की टम्म फुगतो, दातांनी जाळी कातरतो, आणि त्याच्या अंगात विष असतं. धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही. बुरोंडीत आता पोराला हे विस्तवाच्या आधी शिकवतात. पण हल्ली बोटींवर खलाशी लांबलांबून येतात, ज्यांनी नोकरी लागेपर्यंत समुद्र फोटोत पाहिलेला असतो. कंपनीने बंदरांवरून गोळा केलेल्या प्रश्नांत त्यातल्याच कुणाचातरी हा होता: जाळ्यात केंडच केंड आलेत, फेकून द्यायचे की खाता येतात?

दर्यासखीने लिहिलं: "वा दादा, फार छान प्रश्न! समुद्राने दिलेलं वाया घालवू नये हा तुमचा विचार कौतुकास्पद आहे. केंड स्वच्छ धुऊन, ओलं खोबरं, तिरफळं आणि कोकमाचं आगळ घालून त्याचं रुचकर कालवण करता येतं. आधी थोडं खाऊन पाहा, मानवलं तर पुढे जा."

तेरा जणांची सरासरी सात आली. रावजीच्या शेजारी बसणाऱ्या शमिकाने आठ दिले. शमिका लांज्याकडची, घरी भातशेती, समुद्र बावीस वर्षांच्या आयुष्यात तीनदा पाहिलेला.

"आठ कशाला गो दिलेस?"

"तिरफळाला दिले, काका. बांगड्यात घालतातच ना तिरफळ."

"बांगड्यात घालतंत. केंड बांगडा हाय काय? उद्या फिनाइलात घालून दिलान तर त्यालापण आठ देशील?"

"फिनाइलात तिरफळ चांगलं नाही लागणार, काका," शमिका म्हणाली. ती प्रामाणिक मुलगी होती.

रावजीने शून्य दिलं. मग केंडाचा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा आला, दर्यासखीने दरवेळी नवं कालवण केलं, आणि रावजीने त्या आठवड्यात त्रेसष्ट शून्यं दिली. बटण इतकं दाबून दिली की माऊस फुटला. त्या वेळी त्याची शून्यं जशीच्या तशी आत जात होती. मशीनला एवढा मोठा मार पूर्वी कधी पडला नव्हता. सोमवारी सकाळी ती बदलून आली.

"पापलेट कसं तळू?"

"खाऊ नका."

"मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फ किती वाजता मिळतो?"

"खाऊ नका."

"माझ्या मुलीचं बारसं आहे, नाव सुचवा."

"खाऊ नका."

ऑफिसात हाहाकार झाला. रावजीने सगळी उत्तरं बोट ठेवून सावकाश वाचली आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "आता कशी बाय माणसात आली," तो म्हणाला, आणि सगळ्यांना दहा देऊन टाकले.

दोन दिवसांनी पुण्याहून हेतल आली. हेतल म्हणजे मशीनला शिकवण्याचं गणित बसवणारी इंजिनियर, तिशीची, डोळ्यांखाली काळं झालेली. ती तीन दिवस काचेच्या खोलीत बसली आणि काय काय बांधून गेली. त्यानंतर दर्यासखी शांत झाली. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या प्रगतीची जी रेघ महिनाभर वेड्यासारखी वरखाली उडत होती, ती भाट्याच्या खाडीतल्या भरतीच्या पाण्यासारखी सपाट राहून सावकाश वर चढू लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक आला. केकवर 'स्थिर' असं लिहिलं होतं.

आणि केंडाचं कालवण परत आलं. तिरफळांसकट. त्याला रावजीने पुन्हा शून्य दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या शून्याचे चार झालेले पाहिले.

हेतल त्या आठवड्यात परत रत्नागिरीत आलेली होती. रावजी काचेच्या खोलीत शिरला. दार ढकलायचं होतं, त्याने ओढलं, मग ढकललं, आणि या खटाटोपाने राग आणखी वाढला.

"बसा काका," हेतल म्हणाली. "वैष्णवीने सांगितलं मला. चूक माझी, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आता कुणीही कितीही कमी गुण दिले तरी मशीनपर्यंत चारच्या खाली जात नाहीत. आणि सातच्या वर नाही."

"म्हंजे मी बोंबललो तरी तिला खोकलो असं ऐकू येणार."

"हो," हेतल म्हणाली. तिने सारवासारव केली नाही, आणि त्यामुळे रावजीला पुढची शिवी गिळावी लागली. "काका, मशीनला शून्यातून काय चुकलं ते कळत नाही. तिला नुसता धक्का बसतो. मोठा धक्का बसला की ती शिकलेलं सगळंच विसरते. म्हणून दोन गोष्टी केल्यात. एक, धक्के कापले. दुसरी, नवी मशीन जुन्या मशीनला दोरीने बांधली. जुनी म्हणजे गुण द्यायला लागण्याच्या आधीची. नवी तिच्यापासून फार लांब गेली की दोरी तिला मागे ओढते."

"नांगराचा दोर," रावजी म्हणाला.

"म्हणजे?"

"दोर आखूड सोडलास तर लाटेबरोबर नांगर उखडतो. लांब सोडलास तर बोट दुसऱ्याच्या बोटीवर जाऊन आपटते. किती सोडायचा ते तांडेलानं बघायचं."

हेतल त्याच्याकडे बघत राहिली. हेच समजावताना पुण्यात तिची एक अख्खी दुपार गेली होती आणि समोर एमटेक झालेले लोक होते.

"दोर कळला मला," रावजी म्हणाला, आणि मग तो टेबलावर ओणवला. "आता तू मला सांग, नांगर कशात रुतलाय? ती जुनी मशीन केंडाला काय म्हणत व्हती? 'खा'च म्हणत व्हती ना? म्हंजे बोट तू बांधलीस, दोर बरोब्बर मापलास, आणि बांधलीस कशाला? बुडत्या बोटीला!"

काचेच्या बाहेर तेरा माणसं काम करत असल्याचं नाटक करत होती.

"मग काय करू?" हेतलचाही आवाज चढला. "तुमची शून्यं तशीच आत सोडू? चाचणीसाठी थोड्या घरांत ही मशीन दिलीय, त्यातल्या एका बाईने त्या सोमवारी विचारलं होतं, डॉक्टरांनी मुलाला तापाची गोळी दिलीय, जेवणाआधी देऊ की नंतर. उत्तर काय गेलं ठाऊक आहे? खाऊ नका. त्या बाईने गोळी दिली की नाही मला माहीत नाही. मी रोज बघते, तिने परत काही विचारलंय का. नाही विचारलेलं."

  हे ऐकून दुसरं माणूस निवलं असतं. रावजी पेटला, कारण आता रागवायला समोर कुणी उरलं नव्हतं आणि राग तर उरला होता.

"पंधरा तारखेला ही सखी बंदराबंदरात जाणार," तो म्हणाला. "मिरकरवाडा, हर्णै, बुरोंडी. कुणीतरी विचारणार, कुणीतरी कालवण करणार. तेव्हा तुझी रेघ सपाटच असंल. डॉक्टराच्या मशीनवर रेघ सपाट झाली का काय होतं, तुला ठाऊक हाय ना?"

आणि तो दार ढकलून, मग ओढून, बाहेर गेला. दोन्ही बाजूंनी ते चुकीचंच उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी रावजी मिरकरवाड्याला जाऊन रिक्षाने ऑफिसात आला. मांडीवर समुद्राच्या पाण्याची बादली आणि बादलीत जिवंत केंड. वॉचमनने विचारलं, हे काय, तर रावजीने गळ्यातलं कार्ड दाखवलं आणि म्हणाला, "स्थानिक विषय." बादली त्याने शमिकाच्या टेबलावर ठेवली आणि पेनने केंडाला डिवचलं.

केंड फुगला. फुगतच राहिला. एवढासा मासा नारळाएवढा झाला, अंगावर काटे उभे राहिले, दात दिसायला लागले, माणसासारखे, चार. शमिकाने किंकाळी फोडली. एक बीएस्सी खुर्चीवर चढला.

"हे तुमचं कालवण," रावजी म्हणाला. "घाल तिरफळं."

"काका, मला काय माहीत होतं?" शमिका रडकुंडीला आली होती. "तुम्ही नुसतं शून्य देत होता. सांगितलंत का कधी, का ते? आम्हाला वाटायचं, तुम्हाला कालवण आवडत नाही."

हे खरं होतं. चार महिने तो शेजारी बसून ओरडत होता. 'का' हे त्याने एकदाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी केंडाच्या प्रत्येक उत्तराला चौदाच्या चौदा जणांनी शून्य दिलं. ही साधी गोष्ट नव्हती. विषयतज्ज्ञ सोडला तर प्रत्येकाचे गुण बाकीच्यांशी किती जुळतात याची टक्केवारी ठेवली जायची, ऐंशीच्या खाली गेलात तर काम जायचं, आणि शमिका एक्क्याऐंशीवर होती. ती म्हणाली, सगळ्यांनीच दिलं तर सगळ्यांचं जुळेल. गणित बरोबर होतं.

संध्याकाळी सिस्टिमचा लाल संदेश आला. चौदा जणांनी एकाच वेळी टोकाचे गुण दिल्यामुळे संगनमताचा संशय आहे. स्थिरतेसाठी आजचे सर्व गुण रद्द करण्यात येत आहेत. त्याच्यामागून मनुष्यबळ विभागाचा दुसरा संदेश आला: कार्यालयात पाळीव प्राणी आणू नयेत.

रावजीने दोन्ही शमिकाकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि केंडाला परत समुद्रात सोडायला गेला. त्या दिवशी चूक नसलेला तेवढा एकच जीव होता.

चौदा तारखेला दुपारी हेतलचा पुण्याहून फोन आला. वैष्णवीने तो स्पीकरवर टाकला.

"काका, तुमचं नांगराचं बोलणं डोक्यातून जाईना. एक वाट आहे. गुण कापले जातात, पण माणसाने स्वतः लिहिलेलं उत्तर कापलं जात नाही. नमुना उत्तर म्हणतात त्याला. ते मी आधी जुन्या मशीनला शिकवेन, म्हणजे जिला दोर बांधलाय तिलाच. मग नवीला तिकडे ओढायची गरज नाही, ती तिथेच असेल. पण उद्या मशीन बाहेर जातेय, मला आज पाचपर्यंतच मुभा मिळालीय. एकच उत्तर. केंडाचं. लिहाल?"

"मला टायपिंग येत नाय."

"मी करते," शमिका म्हणाली.

घड्याळात साडेचार झाले होते. शमिकाने पान उघडलं. वर प्रश्न होता, खाली मोकळा चौकोन. रावजी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, गुडघा लांब केला, आणि म्हणाला, "लिही. खाऊ नको."

शमिकाने लिहिलं, बटण दाबलं. चौकोन लाल झाला. "किमान चाळीस शब्द लागतात, काका. दोन झालेत."

"मग हेच वीसदा लिही."

"तेच तेच चालत नाही. सविस्तर हवं. कारण द्या म्हणतंय."

"खाऊ नको ह्याच्यापुढं काय सविस्तर आसतं?" रावजी ओरडला. चार जणांनी मान वर केली. मग त्याने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. शमिकाला वाटलं, आता तो उठून जाणार. चौकोनात रेघ लुकलुकत होती.

"लिही," तो म्हणाला. आवाज इंजिनाखाली गेलेला होता. "धुऊन विष जात नाय, शिजवून जात नाय."

"लिहिलं."

"माझ्या बोटीवर आनंदा व्हता, बुरोंडीचा, बावीस वर्षांचा."

शमिकाने त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. "सोळा झाले, काका."

"त्यानं विचारलान, थोडं खाऊ काय. मी जाळं ओढत व्हतो. मी म्हटलं, बघ तुझं तू."

कळफलकाचा आवाज थांबला. वैष्णवीही येऊन मागे उभी राहिली होती.

"लिही गो. थांबतेस काय?"

"तीस झाले."

"ओठ बधिर झाले म्हणाला आणि हसला." रावजी समोरच्या भिंतीकडे बघत होता, जिथे ती रेघ वर वर चढत होती. "बंदर दिसेपर्यंत बोलत व्हता."

"चाळीस," शमिका हळूच म्हणाली.

चौकोन हिरवा झाला. तिने बटण दाबलं. एक चाक फिरलं, फिरत राहिलं, आणि मग सूचना आली: उत्तर स्वीकारले. धोरणानुसार वैयक्तिक माहिती आपोआप काढण्यात आली आहे. खाली अंतिम मजकूर होता.

शमिकाने तो वाचला. "नाव काढलंय, काका. आनंदाचं नाव काढलंय. गावपण. वयपण." तिने टेबलावर मूठ आपटली. त्या ऑफिसात रावजीशिवाय कुणी टेबल आपटल्याची ती पहिलीच वेळ होती. "मी परत टाकते. हे काय आहे! हा माणूस होता!"

"किती वाजले?"

"पाचला दोन मिनिटं."

"मग नको."

त्याने खिशातून चष्मा काढला, लावला, आणि पडद्याच्या जवळ गेला. पहिल्या दोन शब्दांवर त्याने बोट ठेवलं. खाऊ नको. होते. मग बोट ओळीवरून पुढे सरकवत तो एकेक अक्षर लावत गेला, जाळ्याचे डोळे तपासावेत तसा, आणि तिसऱ्या ओळीत थांबला.

"ए-क व्य-क्ती," तो म्हणाला.

पाच वाजले. एकामागून एक पडदे विझत गेले. बाकीच्यांनी पिशव्या उचलल्या, कुणी एसीचं बटण बंद केलं. शमिकाच्या समोरचा पडदाही काळा झाला. रावजीचं बोट होतं तिथेच होतं, आणि ते काढा असं त्याला कुणी म्हटलं नाही.